‘हलकं काम करा’ म्हणजे नेमकं किती किलो? मुतखडा-प्रोस्टेटच्या उपचारानंतर कामावर परतताना

दवाखान्यातून घरी सोडताना हातात जे कार्ड मिळतं, त्यावर गोळ्यांची यादी असते, पुन्हा दाखवायची तारीख असते आणि खाली कुठेतरी इंग्रजीत एक ओळ असते: जड काम टाळा. बँकेतल्या माणसाला ती ओळ पुरते. पण उद्यमबागेतल्या फौंड्रीत मोल्डिंग बॉक्स उचलणाऱ्याने त्यातून काय समजायचं? खासबागेत मागावर दिवसभर उभ्या असणाऱ्याने? बेळगाव-खानापूर रस्त्यावर रिक्षा मारणाऱ्याने?

मग दोनच गोष्टी घडतात. खाडे परवडत नाहीत म्हणून माणूस चौथ्या दिवशी कामावर जातो आणि पंधराव्या दिवशी लाल लघवी घेऊन परत दवाखान्यात येतो. नाहीतर ‘किडनीचं ऑपरेशन झालंय’ म्हणून घरचे त्याला तीन महिने बसवून ठेवतात आणि घर कर्जात जातं. दोन्ही टाळता येतं. त्यासाठी जखम कुठे आहे आणि आपलं काम त्या जखमेला काय करतं, एवढं कळायला हवं.

लघवीची वाट

कमरेच्या वर, पाठीकडे दोन मूत्रपिंडं. प्रत्येकातून एक बारीक नळी खाली येते, साधारण वीतभर लांब. दोन्ही नळ्या लघवीच्या थैलीत उघडतात. थैलीच्या तोंडाशी पुरुषांना प्रोस्टेट नावाची गाठ असते आणि लघवीची वाट तिच्या मधूनच बाहेर जाते. पन्नाशीनंतर ही गाठ बहुतेकांची वाढते आणि काहींची वाट आवळते.

खडा मूत्रपिंडात गप्प बसलेला असेल तर वर्षानुवर्षं कळतही नाही. तो नळीत उतरून अडकला की मागे लघवी तुंबते, मूत्रपिंड फुगतं आणि माणूस गडाबडा लोळायला लागतो. खड्याच्या आकारापेक्षा तो कुठे अडकलाय याला दुखण्यात जास्त महत्त्व असतं.

‘ऑपरेशन’ एक नव्हे

‘खड्याचं ऑपरेशन झालं’ या तीन शब्दांत निदान चार वेगवेगळे उपचार येतात आणि प्रत्येकाचा कामाचा हिशेब वेगळा.

बाहेरून लहरी मारून खडा फोडतात, त्यात चिरा नाही. एक-दोन दिवसांत साधं काम जमतं, मात्र पुढचे काही दिवस चुरा पडताना मधूनच कळ येऊ शकते. दुसऱ्या प्रकारात लघवीच्या वाटेनेच दुर्बीण आत घालून लेझरने खडा फोडतात. इथेही बाहेर जखम नसते आणि चार-आठ दिवसांत बैठं काम सुरू होतं. तिसरा प्रकार पाठीतून एक सेंटिमीटरच्या आसपास भोक पाडून थेट मूत्रपिंडात शिरण्याचा, मोठ्या खड्यांसाठी. वरची जखम आठवड्यात सुकते आणि इथेच माणूस फसतो. आतली वाट मूत्रपिंडाच्या मांसातून गेलेली असते, आणि शरीराच्या प्रत्येक फेरीतलं साधारण पाचव्या हिश्शाचं रक्त दोन मूत्रपिंडांकडे जातं. तिथली जखम आठ-पंधरा दिवसांनीही वाहू शकते. म्हणून दोन ते चार आठवडे वजन उचलायचं नाही. चौथा प्रकार जुना, पोट किंवा कूस उघडून करण्याचा. तो आता क्वचितच करतात, आणि त्यानंतर जड कामाला दीड-दोन महिने थांबावं लागतं.

प्रोस्टेटचं वेगळं. दुर्बिणीतून गाठ आतून खरवडून काढतात. नारळ खवताना करवंटी तशीच ठेवून खोबरं काढावं, तसं. बाहेर टाका नाही, तीन-चार दिवसांत नळी काढून माणूस घरी येतो आणि त्याला वाटतं, झालं. पण आतली सगळी करवंटी कच्ची असते. तिच्यावर खपली धरते आणि ती खपली साधारण दहाव्या दिवसापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत सुटते. गुडघ्यावरची खपली अर्धवट निघाल्यावर पुन्हा रक्त येतं ना, तेच इथे होतं. वजन उचलताना श्वास कोंडला, शौचाला कुंथावं लागलं, तर पोटातला दाब वाढतो, शिरा तट्ट फुगतात आणि सुटत आलेली खपली एकदम निघते. रक्ताच्या गाठी होऊन लघवी बंद पडली की रात्री दोन वाजता गाडी शोधावी लागते. म्हणून चार ते सहा आठवडे जड उचल बंद, दुचाकीही दोन-चार आठवडे नको, आणि शौचाला साफ होण्यासाठी दिलेलं औषध फालतू समजून सोडायचं नाही. बद्धकोष्ठ हे इथे पोत्याइतकंच जड काम आहे.

पोटात राहिलेली नळी

खड्याच्या ऑपरेशननंतर बऱ्याचदा ‘डीजे स्टेंट’ ठेवतात. ही मऊ प्लास्टिकची बारीक नळी, लांबी साधारण २४ ते २६ सेंटिमीटर. दोन्ही टोकांना वेटोळं असतं: एक मूत्रपिंडात, दुसरं थैलीत, म्हणजे ती घसरत नाही. पाटाची दरड ढासळली की दुरुस्ती होईपर्यंत मधे पाईप टाकून पाणी पुढे काढून देतात, तेच काम ही नळी करते. आतून सूज आली तरी लघवी वाहती राहते.

पण तिचा जाच असतो. थैलीतलं वेटोळं भिंतीला घासत राहतं, त्यामुळे सारखी लघवी लागते, शेवटी जळजळतं. लघवी करताना कुशीत कळ जाते, कारण थैली आवळली की थोडी लघवी नळीतून उलटी वर चढते. आणि चाललं, वाकलं, गाडीवर हादरे बसले की लघवी लालसर होते. घरी बसून पिवळी, कामावर गेलं की गुलाबी, हे स्टेंट असलेल्या माणसाचं नेहमीचं गणित. कोकम सरबतासारखा फिकट रंग आला तर घाबरू नका, पाणी वाढवा आणि दोन तास बसा. रंग गडद होत गेला, गाठी पडल्या, तर ते वेगळं.

म्हणजे स्टेंट असताना कामावर जाता येतं का? बैठ्या कामाला जाता येतं, फक्त लघवीची सोय जवळ हवी. ग्राइंडरवर वाकून फेटलिंग (ओतलेल्या भागाची कड घासून साफ) करणं, ट्रॅक्टर चालवणं, उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढणं ही कामं नळी निघेपर्यंत थांबवता आली तर थांबवावीत. नळी तुटेल अशी भीती नाही, पण दर दिवशी रक्त आणि कळ अंगावर काढण्यात शहाणपण नाही.

या सगळ्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा: स्टेंट काढायचा असतो. तो आपोआप विरघळत नाही की पडत नाही. साधारणपणे एक ते सहा आठवड्यांत काढतात आणि तीन महिन्यांच्या पुढे सहसा ठेवत नाहीत. दुखणं थांबलं, कामावर रुळलं, गळीत हंगाम लागला, टोळीतून उचल घेतलेली असली की मुकादम सोडत नाही, आणि नळी आतच राहते. मग तिच्यावरच खडे चढतात. दहा मिनिटांत बाह्यरुग्ण विभागात, जेली लावून निघणारी नळी काढायला वर्षभरानंतर दोन-तीन ऑपरेशनं लागू शकतात, आणि तोवर मूत्रपिंड निकामीही झालेलं असू शकतं. घरी आल्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर काढायच्या तारखेला गोल करा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ती तारीख पाठ करायला लावा. नळी काढायचा खर्च आधीच्या बिलात आहे की वेगळा, हेही घरी सुटतानाच विचारून घ्या. त्या दोन-चार हजारांच्या धास्तीनेच पुष्कळ जण परत फिरकत नाहीत.

सर्टिफिकेटवर आकडा मागा

‘हलकं काम द्यावं’ असं लिहून आणलं की सुपरवायझर तुम्हाला झाडू देतो, किंवा ‘आमच्याकडे हलकं काम नसतंय’ म्हणून घरी पाठवतो. त्याचीही चूक नाही, त्याला काही मोजता येत नाही. डॉक्टरांना आपलं काम सांगा. ‘कारखान्यात आहे’ म्हणू नका. ‘आठ तासांत चाळीस-पन्नास वेळा वाकून बॉक्स उचलतो, एक बॉक्स अमुक किलोचा, भट्टीपासून दहा फुटांवर उभा असतो’ असं सांगा. डॉक्टरांनी फौंड्री पाहिलेली असेलच असं नाही.

मग तीन गोष्टी आकड्यांत लिहून घ्या. किती किलोपर्यंत उचलायचं, कोणत्या तारखेपर्यंत, आणि लघवीला व पाण्याला दर किती वेळाने सुटी. उदाहरणार्थ: ‘अमुक तारखेपर्यंत ५ किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये, दर दोन तासांनी लघवीला जाऊ द्यावं, भट्टीजवळची शिफ्ट देऊ नये.’ अंदाज यावा म्हणून: भरलेली मोठी घागर १२-१५ किलो, पाण्याचा मोठा जार २० च्या पुढे, भरलेला घरगुती गॅस सिलेंडर ३० च्या आसपास, सिमेंटचं पोतं ५०. पाच किलोची मर्यादा असलेल्या माणसाने घरी घागरही उचलायची नाही. बायकांच्या बाबतीत हे हमखास विसरलं जातं. कामावर रजा असते, नळाच्या पाण्याला रजा नसते.

आजाराचं नाव सगळ्यांना कळावं असं वाटत नसेल तर ‘युरॉलॉजीची शस्त्रक्रिया’ एवढं पुरतं. साहेबाला किलो आणि तारीख हवी असते, लघवीचा तपशील नको असतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण: कार्ड इंग्रजीत, ऑफिसातला अर्ज कन्नडमध्ये, आणि घरात वाचणारे मराठी. सर्टिफिकेटची एक ओळ कन्नडमध्येही मागून घेतली तर टाइम ऑफिसात अडत नाही. ‘भार एत्तबारदु’ म्हणजे वजन उचलू नये. ‘मूत्रदल्ली रक्त’ म्हणजे लघवीत रक्त. हे दोन तरी तोंडात असू द्या. रजेला तिकडेही ‘रजे’च म्हणतात.

भट्टीपुढे उभं राहणाऱ्यांसाठी

खडा एकदा काढला म्हणजे विषय संपला असं नाही. काहीच बदललं नाही तर दहा वर्षांत जवळपास निम्म्या लोकांना पुन्हा होतो. आणि फौंड्री, वीटभट्टी, साखर कारखान्याचा बॉयलर, एप्रिलमधलं शेत, या जागा खडा घडवायलाच बसल्यासारख्या आहेत. घाम जेवढा जातो तेवढी लघवी कमी आणि घट्ट होते. चहात साखर जास्त झाली की तळाला बसते, तसे लघवीतले क्षार बसतात.

किती पाणी प्यायलं हे मोजण्यापेक्षा किती लघवी झाली हे मोजा. सुटीच्या दिवशी एक आणि कामाच्या दिवशी एक, असं चोवीस तासांची लघवी लिटरच्या बाटलीने मोजून बघा. दोन ते अडीच लिटर झाली तर ठीक. बैठ्या माणसाला त्यासाठी अडीच-तीन लिटर पाणी पुरतं. भट्टीपुढच्या माणसाला चार-पाच लिटरही कमी पडेल. एकदम तांब्याभर ओतून उपयोग नाही. उष्णतेच्या जागी दर वीस मिनिटांनी एक फुलपात्र, म्हणजे सुमारे २०० मिली, हे जमवायचं. झोपण्याआधी एक ग्लास, रात्री लघवीला उठलात तर आणखी अर्धा. हृदयाचा किंवा मूत्रपिंड निकामी होण्याचा त्रास असलेल्यांनी मात्र पाण्याचं माप डॉक्टरांकडूनच घ्यावं.

‘जास्त पाणी प्यायलं की सारखं जावं लागतं, साहेब ओरडतो’ ही तक्रार खरी आहे. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या आणि शेतात भांगलायला जाणाऱ्या बायका तर आडोसा नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवी घट्ट होते, कोंडून ठेवली जाते आणि संसर्गाला आयतं घर मिळतं. कारखान्यापुरतं बोलायचं तर पिण्याचं पाणी आणि मुतारी ही मेहरबानी नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यापासून ती मालकाची जबाबदारी आहे. पाण्याची जागा मुतारीपासून सहा मीटर लांब असावी आणि २५० पेक्षा जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात थंड पाणी द्यावं, इथपर्यंत त्यात लिहिलेलं होतं.

आता औषधांबद्दल, कारण हे फार कमी ठिकाणी सांगितलं जातं. खडा पडायला किंवा प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन देतात. सुरुवातीच्या दिवसांत ती घेऊन झटकन उठलं तर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. रात्री घ्यायला सांगितलेली रात्रीच घ्या आणि पहिल्या आठवड्यात माळ्यावर, शिडीवर, भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर चढू नका. स्टेंटचा जाच कमी करायला ऑक्सिब्युटिनिनसारख्या गोळ्या देतात, त्यांनी घाम कमी होतो. घाम नाही तर अंग थंड होत नाही, आणि भट्टीपुढे उष्माघात होऊ शकतो. ही गोळी चालू असेल तर उष्णतेची शिफ्ट नको, हे डॉक्टरांना तुम्हीच आठवण करून द्या. तिसरी गोष्ट, कळ आली की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक घ्यायची सवय. घामाने अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवते. सांगितली असेल तेवढीच, सांगितले तेवढेच दिवस.

खाड्यांच्या पगाराचं काय?

बीपीएल कार्डावर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटकाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद वाचकांना माहीत आहे. भरती व्हायच्या आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला कार्ड दाखवून विचारणं हाच व्यवहार्य मार्ग. पण या योजना उपचाराचे पैसे देतात. बुडालेल्या मजुरीचे देत नाहीत.

मजुरीसाठी ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा आहे. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांची वर्गणी कापली जाते: कामगाराकडून ०.७५ टक्के, मालकाकडून ३.२५ टक्के. सहा महिन्यांच्या ठरलेल्या वर्गणी-काळात ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल तर पुढच्या लाभ-काळात आजारपणाचा भत्ता मिळतो, सरासरी पगाराच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. पहिले दोन दिवस धरत नाहीत. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी पुढच्या जानेवारी ते जूनला लागू होते, ऑक्टोबर ते मार्चची त्यापुढच्या जुलै ते डिसेंबरला.

चुका इथे होतात: ऑपरेशन खाजगीत करून तिथलं सर्टिफिकेट घरातच ठेवलं जातं. ते ईएसआयच्या डॉक्टरांना दाखवून त्यांचं सर्टिफिकेट घ्यावं लागतं, तेही वेळेत. भत्ता घेत असताना दुसरीकडे मजुरीला गेलात तर भत्ता जातो. आणि परत रुजू होताना शेवटचं, ‘कामाला योग्य’ असं सर्टिफिकेट लागतं. भत्ता चालू असलेल्या काळात मालकाला आजारपणाच्या कारणाने कामावरून काढता येत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

‘हुलग्याच्या पाण्याने पडला असता की!’

पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपोआपच पडतात. त्या दिवसांत हुलग्याचं कढण किंवा पानफुटीची पानं घेतली की श्रेय त्यांना जातं. कढण प्यायला हरकत नाही, पोटात पाणी तरी जातं. पण दहा मिलिमीटरचा खडा नळीत अडकून मागे मूत्रपिंड फुगलेलं असताना महिनाभर कढणावर काढला तर दुखणं थांबूही शकतं, आणि ते खडा पडला म्हणूनच थांबलं असेल असं नाही. मूत्रपिंड काम करायचं थांबलं तरी कळ थांबते. सोनोग्राफी केल्याशिवाय ‘पडला’ म्हणू नका.

‘दूध, टोमॅटो बंद केलंय’

दूध-ताक बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला, म्हणजे खडा घडवणाऱ्या क्षाराला, धरून ठेवतं. ते कमी केलं तर ऑक्झलेट जास्त शोषलं जातं आणि लघवीत उतरतं. टोमॅटोची भीतीही उगाचच. कमी करायचं ते मीठ, कारण मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. दिवसाला सपाट एक चहाचा चमचा, त्यात लोणचं, खर्डा, पापड सगळं आलं. घाम जातो म्हणून पाण्यात मूठभर मीठ घालण्यापेक्षा लिंबू पिळा, त्यातलं सायट्रेट खड्याच्या विरोधात काम करतं. रोज मटण खाणाऱ्यांनी त्याचं प्रमाण कमी करावं.

‘प्रोस्टेट काढल्यावर धातू जातो, अंगात ताकद राहत नाही’

या भीतीने माणसं वर्षभर थेंब-थेंब लघवी करत राहतात, ऑपरेशन टाळतात. घडतं एवढंच: थैलीचं तोंड रुंद झाल्यामुळे वीर्य बाहेर येण्याऐवजी थैलीत मागे जातं आणि नंतर लघवीतून निघून जातं. त्याचा हातापायांच्या ताकदीशी काहीही संबंध नाही. मूल हवं असेल तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला. सहा आठवड्यांनी तुम्ही पूर्वी उचलत होता ते उचलू शकता. थोडं थोडं वाढवत न्या, पहिल्या आठवड्यात निम्मं.

काही जणांना नळी आणि पिशवी लावूनच काही आठवडे काढावे लागतात. मांडीला बांधायची पिशवी पॅंटच्या आत दिसतही नाही. ती नेहमी थैलीच्या खाली राहू द्या, दोन तृतीयांश भरली की रिकामी करा आणि नळी ओढली जाणार नाही अशी मांडीला चिकटवा. शिवणकाम, दुकान, हिशेबाचं काम त्यात करता येतं.

शिफ्ट सोडून जायचं कधी

लघवीत टोमॅटोच्या रसासारखं घट्ट रक्त किंवा गाठी आल्या, चार-सहा तास लघवी झाली नाही आणि ओटीपोट तट्ट झालं, गोळीने न थांबणारी कळ आली, तर त्याच दिवशी दवाखाना.

आणि थंडी वाजून ताप. पोटात स्टेंट असताना किंवा खडा अडकलेला असताना हुडहुडी भरून ताप आला तर तो साधा ताप समजू नका. तुंबलेल्या लघवीतले जंतू रक्तात उतरायला काही तास पुरतात. पॅरासिटामॉल घेऊन शिफ्ट पूर्ण करायची नाही, सकाळची वाट बघायची नाही. डिस्चार्ज कार्ड सोबत घ्यायचं आणि दारातच सांगायचं: आत नळी आहे, ताप आलाय.